‘अल्पशा आजारा’चे नाव काय?

डॉक्टरची बोली एक, रुग्णाची दुसरी आणि सरकारी नोंदवहीची तिसरी. या तिन्हींचा मेळ घालणारी परिभाषा जगाने तयार केली आहे. तिचे भारतातील कामकाज तर पुण्यातूनच चालते. पण त्या परिभाषेत आपला रुग्ण अजून बोलू लागलेला नाही.

मराठी वृत्तपत्रांतील निधनवार्तांची एक स्वतंत्र भाषा आहे. कोणी ‘अल्पशा आजाराने’ जातो, कोणी ‘दीर्घ आजाराने’. वय झालेले असेल तर ‘वृद्धापकाळाने’, आणि यांपैकी काहीच लागू पडत नसेल तर ‘हृदयक्रिया बंद पडून’. नेहमीच्या वाचकाला यातले बरेच उमगते. दीर्घ आजार म्हणजे बहुधा कर्करोग, हे तो समजून घेतो. अल्पसा आजार नेमका कोणता हे विचारू नये, एवढा पोच त्याला असतो. मृताच्या घरच्यांचे दुःख आणि अब्रू सांभाळणारी ही भाषा आहे आणि वर्तमानपत्राच्या त्या कोपऱ्यात ती शोभूनही दिसते.

अडचण अशी, की जवळपास हीच भाषा सरकारी कागदावरही उतरते. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरला मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र भरावे लागते. त्या नमुन्यात एकाखाली एक ओळी असतात. मृत्यूला थेट कारण झालेली अवस्था कोणती, ती कशामुळे उद्भवली आणि या साऱ्याच्या मुळाशी कोणता रोग किंवा कोणती इजा होती, हे क्रमाने लिहायचे असते. सूचनाही स्पष्ट आहे : मरण कशा रीतीने आले ते लिहू नका, कशाने आले ते लिहा. हृदय थांबणे, श्वास थांबणे ही मरणाची रीत झाली. हृदय थांबल्याशिवाय कोणीच मरत नाही. तरीही ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच लिहून सही ठोकलेली प्रमाणपत्रे आपल्याकडे सर्रास आढळतात. वीस वर्षे मधुमेह असलेला आणि त्यातून मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस गेला, तर नोंदीत यायला हवा तो मधुमेह. प्रत्यक्षात नोंदले जाते ते हृदय थांबल्याचे. तो मृत्यू मधुमेहाच्या खात्यावर जमा होतच नाही, आणि मग मधुमेहासाठी किती पैसा लागेल, किती दवाखाने लागतील याचा हिशेबही चुकतो.

हा हिशेब किती तोकडा आहे ते पाहा. २०२० साली देशात सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू १८ लाखांच्या आसपास, म्हणजे २२.५ टक्के होते. त्या अहवालात गोव्याचे प्रमाण शंभर टक्के आहे, ही शेजाऱ्यांनी शिकण्यासारखी गोष्ट. पण देशाचा विचार केला तर पाचांतील जवळजवळ चार माणसे का गेली ते नोंदवहीला ठाऊक नाही, आणि ज्या एकाचे कारण लिहिले आहे, तिथेही अनेकदा ‘हृदयक्रिया बंद पडली’ याच जातीचे शब्द आहेत.

कोणी म्हणेल, माणूस गेला तो गेला. कागदावरच्या शब्दाने काय फरक पडतो? करोनाच्या साथीने या प्रश्नाचे उत्तर रुपयांत दिले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर करोनाने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांना ५० हजार रुपये साहाय्य देण्याचे ठरले. लगेच लक्षात आले, की असंख्य प्रमाणपत्रांवर करोनाचा उल्लेखच नाही. कुठे न्यूमोनिया लिहिला होता, कुठे श्वसन बंद पडल्याचे. अखेर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाला सांगावे लागले, की मृत्यूच्या दाखल्यावर करोना हे कारण लिहिलेले नाही एवढ्यावरून कोणाला मदत नाकारता येणार नाही. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या बसल्या, लोकांनी चाचण्यांचे कागद शोधून आणले. एक शब्द वेळेवर लिहिला असता तर हे हेलपाटे वाचले असते.

ही दुखणी आजची नाहीत. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. प्रेत पाहून कारण सांगण्याचे काम गरीब म्हाताऱ्या बायकांकडे असे. जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली या याद्यांचा अभ्यास करून एक पुस्तक लिहिले आणि लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला. त्या याद्यांत ‘दात’ हेही मृत्यूचे एक कारण होते आणि ‘वार्धक्य’ हेही. ग्राँटने एक मार्मिक गोष्ट टिपली आहे. या बायकांना बिअरचा एक पेला आणि ठरल्यापेक्षा दुप्पट पैसे मिळाले, की गुप्तरोगाने खंगलेला माणूस त्यांना क्षयाने खंगलेला दिसू लागे. थोडक्यात, घराची अब्रू राखणारी नोंद तेव्हाही होत होती, आणि तिच्यामुळे आकडेवारी कशी बिघडते हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच एका व्यापाऱ्याला कळले होते.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या नोंदणी कार्यालयातील विल्यम फार यांनी आग्रह धरला, की भौतिकशास्त्रात वजनमापांना जे महत्त्व, तेच रोगांच्या अभ्यासात नावांना. एकाच रोगाला चार नावे आणि एकाच नावाखाली चार रोग असतील, तर मोजायचे काय? १८९३ साली शिकागो येथे जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मांडले. १९४८ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि त्यात मृत्यूबरोबर आजारांचाही समावेश झाला. तेच आजचे आयसीडी. त्याची दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी २०१९ साली संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

वर्गीकरण म्हटले की कोणता शब्द आत घ्यायचा आणि कोणता बाहेर ठेवायचा हा वाद आलाच, आणि तो केवळ तज्ज्ञांचा नसतो. समलैंगिकता हा मानसिक विकार म्हणून या यादीत होता. १९९० साली तो काढण्यात आला. त्या एका शब्दाच्या जाण्याने जगभर कोट्यवधी माणसांच्या माथ्यावरचा आजारीपणाचा शिक्का, निदान कागदोपत्री, पुसला गेला. अकराव्या आवृत्तीत ‘म्हातारपण’ असे नाव असलेला एक सांकेतांक घालण्याचे ठरले, तेव्हा वृद्धांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हरकत घेतली : म्हातारपण हा आजार केव्हापासून झाला? उद्या डॉक्टर तपासण्याचे कष्ट न घेता तेवढेच लिहून मोकळा होईल. शेवटी तेथे वयाबरोबर होणारी अंगभूत क्षमतेची घट, अशा अर्थाचा शब्दप्रयोग आला. आपल्या निधनवार्तेतील ‘वृद्धापकाळाने’ या शब्दावर जणू जागतिक पातळीवरच वाद झाला.

आता डॉक्टरांच्या बोलीकडे वळू. रुग्णालयातला केसपेपर ज्याने कधी निरखून पाहिला असेल, त्याला ती अक्षरांची जत्रा आठवेल. या बोलीची चेष्टा करणे सोपे आहे. पण ती उगाच जन्मलेली नाही. बाहेर शंभर रुग्णांची रांग असताना पूर्ण वाक्ये कोण लिहीत बसेल? एका विभागातल्या चार माणसांना ती दोन-तीन अक्षरे पुरतात आणि काम झपाट्याने होते. सुताराची, छापखान्याची, बाजारातल्या दलालांची जशी बोली, तशीच ही.

घोटाळा होतो तो कागद त्या चार माणसांच्या बाहेर गेला की. ‘आरटीए’ म्हणजे अपघात विभागात रस्त्यावरचा अपघात. मूत्रपिंडाच्या विभागात तीच अक्षरे शरीरात आम्ल साठण्याच्या एका विकाराची. ‘पीआयडी’ हे स्त्रीरोगतज्ज्ञाला ओटीपोटाचा दाह सांगते, तर हाडांच्या डॉक्टरला मणक्यांमधली सरकलेली चकती. ‘एमएस’ म्हणजे हृदयाची अरुंद झालेली झडप, की मज्जासंस्थेचा एक चिवट आजार, हे कागद कोणत्या मजल्यावरून आला यावर ठरते. ‘केसीओ डीएम’ म्हणजे मधुमेहाचा माहीत असलेला रुग्ण. याच्यामागे ‘एन’ हे एक अक्षर लागले की अर्थ उलटा, मधुमेह नसलेला. घाईत ते अक्षर पुसट उमटले तर? माणूस निदान विचारून खात्री करील. आज असे कागद संगणकाकडून वाचून घेण्याचे दिवस आले आहेत, आणि विचारण्याची सवय त्याला आपण लावू तेव्हाच लागणार.

मग यावर उपाय काय? एक मार्ग मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. तज्ज्ञांची समिती बसवायची, प्रत्येक गोष्टीला एकच शुद्ध शब्द ठरवायचा आणि बाकीचे रद्द करायचे. १९६० साली राज्याचे भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनामकोश आला आणि ‘बदनामकोश’ म्हणून त्याची टरही उडवली गेली. ती टीका सगळी न्याय्य नव्हती. त्यातले कितीतरी शब्द आज आपण सहज वापरतो. पुढे शारीर, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र या विषयांचे परिभाषा कोशही संचालनालयाने काढले. त्यांमागचे कष्ट कमी लेखण्याचे कारण नाही. पण दवाखान्यात ते शब्द फारसे पोहोचले नाहीत, कारण तेथे बोलली जाणारी बोली कोशात नव्हती आणि कोशात होते ते कोणी बोलत नव्हते.

दुसरा मार्ग स्नोमेड सीटी या परिभाषेने घेतला. तिची मुळे अमेरिकेतल्या विकृतिशास्त्रज्ञांच्या १९६५ च्या एका नामावलीत आहेत. इंग्लंडमध्ये जेम्स रीड या साध्या फॅमिली डॉक्टरने १९८० च्या दशकात आपल्या दवाखान्यासाठी सांकेतांक तयार केले होते. या दोन परंपरा २००२ साली एकत्र आल्या. आज तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. आयसीडी आणि स्नोमेड यांतला फरक टपालाच्या उदाहरणाने कळेल. आयसीडी म्हणजे टपाल कचेरीतले कप्पे. प्रत्येक पत्र कोणत्या ना कोणत्या, पण एकाच कप्प्यात पडलेच पाहिजे, म्हणजे शेवटी मोजता येते. स्नोमेड म्हणजे पत्रावरचा संपूर्ण पत्ता. पत्ता नीट असेल तर कप्पा आपोआप ठरतो. नुसत्या कप्प्यावरून मात्र घर सापडत नाही.

या पद्धतीची खुबी अशी, की ती शब्दावर बंदी घालत नाही, त्याला खाते उघडून देते. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरणे या संकल्पनेला २२२९८००६ हा क्रमांक आहे. ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’, ‘हार्ट ॲटॅक’, ‘एमआय’ ही नावे याच क्रमांकाला जोडलेली. डॉक्टरने यांतले कोणतेही लिहावे, मागे नोंद एकच होते. शिवाय ही घटना हृदयाच्या स्नायूत घडते आणि तिचे स्वरूप ऊतक मरण्याचे आहे, हेही त्या क्रमांकाला जोडून ठेवलेले असते. क्रमांक मुद्दामच निरर्थक असतो, म्हणजे उद्या शास्त्राची समजूत बदलली तरी तो बदलावा लागत नाही. उलट एकच शब्द अनेक अर्थांचा असेल, तर प्रत्येक अर्थाला वेगळा क्रमांक. इंग्रजीतला ‘कोल्ड’ म्हणजे थंडी, सर्दी, की फुप्फुसाच्या एका जुनाट विकाराचे आद्याक्षरी नाव? तिघांची तीन खाती. या परिभाषेत पदनामकोशाची सक्ती नाही, आणि मोघमपणालाही सूट नाही.

भारत २०१४ साली या व्यवस्थेचा सदस्य झाला. त्यामुळे देशात ती वापरण्यास वेगळे शुल्क पडत नाही. तिचे भारतीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे, आणि आरोग्यनोंदींच्या २०१६ च्या राष्ट्रीय मानकांत तिला स्थान आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा आकडी आरोग्य क्रमांक आता अनेकांच्या मोबाइलवर आला आहे. गडहिंग्लजचा कागद मुंबईत उघडावा हा त्यामागचा हेतू. पण कागद उघडला तरी कळला पाहिजे ना? तेथे परिभाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आयुर्वेदाच्या बाबतीत याची थोडी जाण आलेली दिसते. आयुष मंत्रालयाने २०१७ साली ‘नमस्ते’ हे संज्ञांचे संकेतस्थळ सुरू केले, आणि १० जानेवारी २०२४ रोजी आयसीडीच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांसाठी वेगळा विभाग आला. पांडू म्हणजे ॲनिमिया, आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अशी सरसकट बरोबरी करणे सोपे होते. पण दोन्ही शास्त्रांची रोग पाहण्याची दृष्टीच वेगळी. आयुर्वेदातला ज्वर शरीराबरोबर इंद्रियांचा आणि मनाचाही ताप मानतो. तो थर्मामीटरच्या काचेत मावत नाही. म्हणून दोन्ही निदाने शेजारीशेजारी नोंदवावीत, हा मार्ग शहाणपणाचा आहे.

वैद्यांच्या बोलीला जागा मिळाली, डॉक्टरांच्या बोलीला मिळाली. राहिला तो रुग्ण. त्याची बोली काय कमी संपन्न आहे? कणकण वेगळी, कसकस वेगळी आणि ताप वेगळा. कळ, ठणका, चमक, उसण, मुरडा, हे सगळे इंग्रजीत एका ‘पेन’मध्ये गुंडाळले जाते आणि केसपेपरवर तेवढेच उरते. दुसरीकडे, काही शब्दांत सापळेही आहेत. ‘दम लागतो’ म्हणणाऱ्याला दमा असेलच असे नाही. ते हृदयाचे दुखणे असू शकते. ‘जीव घाबरा होतो’ याला मनाची अस्वस्थता समजून झोपेची गोळी दिली, तर एखाद्या वेळी ती महागात पडायची. ‘मूळव्याध’ या एका शब्दात आपल्याकडे कोंब, चीर, भगंदर सगळे येते, आणि रक्त पडते म्हणून वर्षभर मूळव्याधीचे औषध घेणाऱ्याला शेवटी आतड्याचा कर्करोग निघतो. ‘मला बीपी आहे’ हे वाक्य तर शास्त्रदृष्ट्या प्रत्येक जिवंत माणसाला लागू पडते. पण त्याचा अर्थ कोणाला कळत नाही असे नाही. हा अर्थ लिहून ठेवणारी जागा मात्र नाही.

या बोलीकडे कान दिला तर काय हाती लागते, याची उदाहरणे आहेत. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. ‘अंगावरून जाते’ एवढेच हळू आवाजात सांगणाऱ्या, बहुतेकदा तेही न सांगणाऱ्या बायकांचे हे दुखणे तोवर कोणत्याच नोंदवहीत नव्हते. दुसरे उदाहरण सर्पदंशाचे. महानिबंधकांच्या नमुना नोंदणीतील घरांत जाऊन, माणूस कसा गेला याची हकिगत घरच्यांच्या तोंडून, स्थानिक भाषेत लिहून घेण्यात आली. ती वाचून दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे आयसीडीचा सांकेतांक दिला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. रुग्णालयांच्या नोंदींतला आकडा याच्या जवळपासही जात नव्हता, कारण यातली बहुतेक माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नव्हती. २०२४ साली केंद्राने राज्यांना सर्पदंश सक्तीने कळवण्याच्या आजारांत घालण्यास सांगितले. साप पूर्वीही चावत होते. ते दिसू लागले, घरच्यांची हकिगत कोणीतरी लिहून घेतली म्हणून.

येथे एक इशारा देणे भाग आहे. सांकेतांक आला म्हणजे सत्य आले, असे समजण्याचे कारण नाही. पडद्यावरच्या यादीतला पहिला पर्याय दाबणे किंवा ‘इतर’ या खणात सगळे लोटून देणे हे घाईतल्या माणसाला फार सोयीचे असते. अमेरिकेतील जेम्स सिमिनो यांनी १९९८ सालीच चांगल्या परिभाषेचे निकष सांगताना या ‘इतर’ खणाला हद्दपार करा असे बजावले होते. यादीत आज नवे नाव आले, की कालच्या ‘इतर’चा अर्थ बदलतो आणि जुन्या-नव्या आकड्यांची तुलना निकामी होते. शिवाय मोघम शब्द निदान मोघम दिसतो. चुकीचा सांकेतांक मात्र अचूकतेचा आव आणतो. तेव्हा सांकेतांकाबरोबर मूळचे शब्द, डॉक्टरचे आणि रुग्णाचेही, जसेच्या तसे जपले पाहिजेत. उद्या शंका आली तर परत जायला तीच वाट असते.

महाराष्ट्राला यात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला फार पैसाही लागणार नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपल्याकडे चालणाऱ्या आद्याक्षरांची यादी करून भिंतीवर लावावी. त्याबाहेरची अक्षरे केसपेपरवर नकोत. मृत्यूचे प्रमाणपत्र कसे भरावे हे शिकाऊ डॉक्टरांना परीक्षेपुरते न शिकवता प्रत्यक्ष भरून घेऊन शिकवावे. आणि दुखण्यांचे मराठी शब्द जिल्ह्याजिल्ह्यांतून गोळा करावेत. कोकणातले वेगळे असतील, खानदेशातले वेगळे, मेळघाटात आणखी तिसरेच. हे काम मंत्रालयातील खोलीत बसून होणारे नाही. परिचारिका, आशा कार्यकर्त्या, तालुक्याचे डॉक्टर यांच्या कानांवर हे शब्द रोज पडतात. त्यांनी सांगावे आणि पुण्यातल्या केंद्राने त्यांना क्रमांकांशी जोडावे. नवे शब्द घडवायचे नाहीत, असलेल्यांना फक्त खाते उघडून द्यायचे आहे.

एक गोष्ट तर सामान्य माणसाच्याही हातात आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार रुग्णालयात मृत्यू झाला, तर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळाली पाहिजे. त्या वेळी तो कागद वाचण्याची कोणाची मनःस्थिती नसते, हे खरे. पण घरातल्या एखाद्याने तो वाचावा, आणि त्यावर नुसतेच ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, की ती कशाने बंद पडली? वर्तमानपत्रात ‘अल्पशा आजाराने’ छापायला हरकत नाही. नोंदवहीत मात्र त्या आजाराचे नाव असावे. ते पुढच्या रुग्णाच्या उपयोगी पडणार आहे.